आधी मोजा, मग पाजा: शेळ्यांच्या जंतांच्या प्रकल्प नोंदी

मी पशुसखी आहे, म्हणजे गावातल्या जनावरांची प्राथमिक देखभाल करणारी. आमचं गाव परांडा तालुक्यात, सीना-कोळेगाव धरणाच्या फुगवट्यालगत. या नोंदी दुसऱ्या गावातल्या पशुसखींसाठी आणि घरी दहा-वीस शेळ्या असणाऱ्या कुणासाठीही ठेवल्या आहेत. औषधं आणि मात्रा तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी ठरवल्या. मोजणी, नोंद आणि पाजणं आमचं.

२८ मे

गटातल्या सात घरच्या मिळून बासष्ट शेळ्या-करडं, जवळपास सगळी उस्मानाबादी. मृगाच्या आधी एकाच दिवशी सगळ्यांना अल्बेंडाझोल पाजायचं आणि दिवाळीला पुन्हा, ही इथली पद्धत. गेल्या वर्षीही पाजलं होतं. तरी श्रावणात करडं गेली. त्यातलं एक डॉक्टरांकडे नेऊन उघडून घेतलं, तेव्हापासून हे काम डोक्यात आहे.

डॉक्टरांनी करडाच्या पोटाचा चौथा कप्पा कापून उलटा केला. अस्तरावर केसाएवढे बारीक, इंचभर लांबीचे जंत वळवळत होते. एक जंत चिमट्याने उचलून त्यांनी उन्हात धरला. आत लाल रेघ आणि तिच्याभोवती पिळलेली पांढरी रेघ. लाल ते करडाचं रक्त, जंताच्या आतड्यातलं. पांढरं ते मादीचं अंडाशय. हा हिमोंकस. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घेतो, म्हणजे हजार जंत असले तर दिवसाला ५० मिली. दहा-बारा किलोच्या करडात रक्तच असतं पाऊण लिटरच्या आसपास.

त्या करडाला हगवण लागली नव्हती. लेंड्या शेवटपर्यंत घट्ट होत्या. आपल्याकडे जंत म्हटलं की हगवणीची वाट बघतात. हिमोंकस हगवण न लावता रक्त संपवतो, आणि जनावर पडेपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नाही.

म्हणून यंदा आधी लेंड्यांतली अंडी मोजायची आणि ज्या शेळीला गरज तिलाच पाजायचं, असं गटात ठरलं.

३ जून

सामान जमलं. जुना मायक्रोस्कोप ६,००० रुपये, अंडी मोजायची मॅकमास्टर स्लाइड २,४००, टांगता वजनकाटा ९००, ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा ३५०. हातमोजे, ड्रॉपर, चहाची गाळणी, प्लास्टिकचे पेले मिळून ४०० च्या आत. मायक्रोस्कोप आरशाचा घेतला, दिव्याचा नाही. दुपारची लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आरशाला खिडकीतला उजेड पुरतो. थेट सूर्याकडे आरसा मात्र कधीच करायचा नाही, डोळा जाईल.

मिठाचं पाणी असं केलं: लिटरभर पाणी गरम करून त्यात साधारण ४०० ग्रॅम साधं मीठ टाकत ढवळलं, थंड होऊ दिलं, कपड्यातून गाळलं. थंड झाल्यावर तळाला थोडं मीठ उरलं पाहिजे, नाहीतर पाणी पुरेसं जड झालेलं नाही आणि अंडी वर येत नाहीत.

मोजायची रीत: ४ ग्रॅम लेंड्या, ५६ मिली मिठाचं पाणी. लेंड्या थोड्या पाण्यात भिजवून खलबत्त्यात कुटायच्या, नुसत्या चमच्याने फुटत नाहीत. गाळणीतून गाळायचं, ढवळत असतानाच ड्रॉपरने उचलायचं आणि स्लाइडचे दोन्ही खण भरायचे. पाच मिनिटं थांबून रेघांच्या आतली अंडी मोजायची. दोन्ही खणांची बेरीज गुणिले ५० म्हणजे एका ग्रॅममधली अंडी.

११ जून

पहिली खेप वाया गेली. नमुने सकाळी गोळा केले, पिशवीत ठेवले आणि दुपारनंतर बघितले. बहुतेक स्लाइडवर काहीच नाही, दोन-तीनमध्ये रिकामी टरफलं आणि एकात वळवळणारी अळी. उन्हाळ्याच्या उष्णतेत अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, आणि फुटलेलं अंडं मोजता येत नाही. आता बर्फ घातलेला स्टीलचा डबा बरोबर असतो. लगेच बघायला जमलं नाही तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर अंडी खराब होतात.

नमुना जमिनीवरून उचलायचा नाही. शेळीच्या गुदद्वारातून, हातमोजा घालून, तेल लावून, दोन बोटांनी. तो हातमोजा तिथेच उलटा केला की तीच पिशवी होते. वर टॅगचा नंबर लिहायचा.

डोळा बसायला वेळ लागतो. हवेच्या बुडबुड्याला काळी जाड कड असते, अंड्याला नसते. जंताचं अंडं लांबट गोल, पातळ सालीचं, आत द्राक्षाच्या घोसासारख्या पेशी. कॉक्सिडियाची (हा आतड्यातला एकपेशी परजीवी) अंडी त्याहून पुष्कळ लहान, ती वेगळी लिहायची. पट्टकृमीचं अंडं तिकोनी-चौकोनी दिसतं, ते एकदा ओळखलं की चुकत नाही.

१२ जुलै

जूनअखेर मोजलं तेव्हा आकडे किरकोळ होते, बहुतेक शेळ्या ३०० च्या खाली. आर्द्रा-पुनर्वसूत पाऊस लागला, बांधावर गवत आलं आणि चित्र पालटलं. आजच्या चाळीस नमुन्यांतली निम्म्याहून जास्त अंडी सात शेळ्यांची आहेत. काकूंच्या कपिलीत ४,२०० निघाली. तिच्या शेजारच्या दावणीला बांधलेल्या, तेच चरणाऱ्या काळीत १५०.

डॉक्टर म्हणाले, असंच असतं, कळपातले बहुतेक जंत थोड्या जनावरांत साठलेले असतात. हिमोंकसची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. पावसात ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात त्या अंड्यांतून चावा घेण्याजोगी नव्हे, गिळली जाण्याजोगी अळी तयार होते आणि दवाच्या पाण्यातून गवताच्या पात्यावर चढते. म्हणजे कपिली एकटीच सगळ्यांच्या चरणीत बी पेरत फिरत होती.

२० जुलै

पापणीचा रंग बघायचा तक्ता, नाव ‘फामाचा’ (FAMACHA), अखेर आला. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली ही पद्धत आहे: लालभडक ते पांढरं असे पाच रंग, खालच्या पापणीच्या आतल्या भागाशी ताडून बघायचे. तक्ता येईपर्यंत रंगीत झेरॉक्सवर काम भागवायचा प्रयत्न केला, तो साफ फसला. झेरॉक्सवर तिसरा आणि चौथा रंग एकच दिसत होते. मोबाइलच्या पडद्यावर तर प्रत्येक फोनचा रंग निराळा. त्या दिवसांतल्या नोंदी खोडून टाकल्या. मूळ तक्ताच घ्या आणि वापर झाला की वहीत मिटून ठेवा, उन्हाने रंग उडतात.

बघायची रीत: एका अंगठ्याने वरची पापणी मिटवून डोळा हलका आत दाबायचा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढायची. आतला भाग वर आला की लगेच रंग ठरवायचा. ओढून धरून ठेवलं तर तो भाग लाल होतो आणि आजारी शेळी बरी दिसते. हे काम उघड्यावर, दिवसाच्या उजेडात करायचं. निळ्या ताडपत्रीखाली सगळ्या शेळ्या पांढऱ्या दिसतात.

तक्ता रक्त पिणाऱ्या जंतापुरताच कामाचा आहे. मावशींच्या एका पाटीची (तरुण शेळीची) पापणी जवळजवळ पांढरी आणि अंडी शून्य. कानात आणि शेपटीखाली बघितलं तर गोचिडांचे थर. तिला जंताच्या औषधाची गरजच नव्हती. उलटही होतं: जंत पोटात गेल्यापासून अंडी दिसायला तीन आठवडे लागतात, पण कोवळा जंत त्याआधीच रक्त प्यायला लागतो. म्हणून पापणी आणि मोजणी दोन्ही वहीत शेजारी-शेजारी लिहायच्या.

आज जास्त अंडी असलेल्या दहा शेळ्यांना अल्बेंडाझोल पाजलं. प्रत्येकीचं वजन काट्यावर केलं. अंदाजाने वजन धरायची सवय घातक आहे; एका थोराड पाटीला सगळेजण बावीस किलो म्हणत होते, ती एकोणतीस भरली. मेंढीची मात्रा शेळीला पुरत नाही, कारण शेळीचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं, म्हणून मात्रा डॉक्टरांनी शेळीच्या हिशेबाने लिहून दिली. गाभण राहून महिना झालेला नसेल अशा शेळीला अल्बेंडाझोल द्यायचं नाही, पोटातल्या करडात व्यंग येऊ शकतं. गेल्या महिन्यात बोकड लागलेल्या तीन शेळ्या त्यामुळे वगळल्या.

२ ऑगस्ट

औषध चालत नाही.

पाजण्याआधी दहा शेळ्यांची सरासरी १,६४० होती, आज ८७०. घट ४७ टक्के. निदान ९५ टक्के घट हवी. एवढी वर्षं आम्ही जे पाजत आलो, त्याने निम्मे जंत मरतच नाहीत.

निष्कर्ष काढण्याआधी दुसऱ्या शक्यता तपासल्या. मुदत शिल्लक होती. वजनं मोजलेली होती. औषध जिभेच्या मागच्या भागावर सोडलं होतं. पुढे तोंडात सोडलं तर काही वेळा पहिला कप्पा चुकवून सरळ पुढे जातं आणि असर कमी होतो. उरला तळाचा साका. अल्बेंडाझोल बाटलीत खाली बसतं, न हलवता ओतलं तर पहिल्या शेळ्यांना पाणी आणि शेवटच्यांना गाळ मिळतो. पण पाजण्याचा क्रम आणि घट जुळवून पाहिलं, तसं काही दिसलं नाही.

दुकानदाराने फेनबेंडाझोल पुढे केलं. ते घेतलं नाही. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच कुळातली औषधं आहेत. एकाला दाद न देणारा जंत दुसऱ्यालाही बहुधा देत नाही. बाटलीवरचं कंपनीचं नाव बघू नका, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाचा.

मायक्रोस्कोपखाली गोलकृमींची अंडी सारखीच दिसतात, जात कळत नाही. म्हणून डॉक्टरांमार्फत एकत्र नमुना प्रयोगशाळेत पाठवला. तिथे लेंड्या ओलसर आणि उबदार ठेवून अळ्या वाढवतात आणि अळीवरून जात ओळखतात.

१६ ऑगस्ट

अहवाल आला: बहुतेक हिमोंकस, थोडे ट्रायकोस्ट्रॉंगायलस आणि आतड्याला गाठी आणणारे इसोफॅगोस्टोमम. डॉक्टरांनी फिकट पापणीच्या शेळ्यांसाठी क्लोसँटेल लिहून दिलं. ते रक्त पिणाऱ्या जंतावर चालतं, बाकीच्यांवर नाही. मात्रा जास्त झाली तर शेळीची नजर जाऊ शकते, म्हणून इथे काट्याशिवाय हातच लावायचा नाही. शिवाय मांसासाठी विकायच्या बोकडाला लेबलवरचे दिवस पुरे झाल्याशिवाय बाजार दाखवायचा नाही.

चौथ्या आणि पाचव्या रंगाच्या सगळ्या, आणि तिसऱ्या रंगातली करडं व गाभण शेळ्या, एवढ्यांनाच पाजलं. सोळा जनावरं. उरलेली सेहेचाळीस तशीच ठेवली.

यावरून गटात वाद झाला. काकू म्हणाल्या, "अगं, आता चालणारं औषध सापडलंय तर सगळ्यांना पाजून टाक की. एकदाच काम." त्यांचं म्हणणं सहज पटण्यासारखं आहे. सगळ्यांना पाजलं तर पोटात उरतील ते फक्त औषधाला न मरणारे जंत, आणि रानात अंडीही त्यांचीच पडतील. काही शेळ्या सोडल्या तर औषधाला मरणारे जंतही रानात राहतात, दोन्हींची मिसळ होत राहते आणि औषध जास्त वर्षं टिकतं. बीटी कापसाच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बी वेगळं द्यायचे ते याचसाठी, असं सांगितल्यावर काकूंच्या मुलाने मान डोलावली. काकू म्हणाल्या, "ते बी कुणी लावायचं का? टाकून द्यायचे." खरं आहे, आणि बोंडअळीचं पुढे काय झालं हेही सगळ्यांनी पाहिलंय. शेवटी ठरलं की सोडलेल्या शेळ्यांच्या पापण्या दर पंधरवड्याला बघायच्या आणि जी फिकी पडेल तिला त्याच दिवशी पाजायचं.

३० ऑगस्ट

क्लोसँटेलची घट ९६ टक्के. सरासरी १,४८० वरून ६०. कपिलीची पापणी अजून फिकीच आहे. जंत गेले तरी रक्त भरून यायला खुराक आणि वेळ लागतो. तिला पेंड आणि मक्याचा भरडा चालू केला. दोन करडं औषधाआधीच इतकी खचली होती की वाचली नाहीत. त्यांच्या पापण्या मागच्या फेरीत बघायच्या राहिल्या होत्या, कारण ती करडं तेव्हा मामाच्या गावाला होती.

१७ सप्टेंबर

या वेळी चराईवर काम केलं. अळी पात्याच्या खालच्या काही इंचांतच जास्त असते आणि चढायला तिला ओल लागते. म्हणून सकाळी दव वाळल्याशिवाय शेळ्या सोडायच्या नाहीत. हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. ज्यांना नऊला खुरपायला जायचं असतं त्यांनी शेळ्यांसाठी दहापर्यंत थांबायचं कसं? तोड अशी निघाली की सकाळी दावणीलाच बाभळीचा आणि सुबाभळीचा पाला टाकायचा, आणि सोडायचं दुपारी, म्हाताऱ्या माणसांनी. शेळीला मुळात वर तोंड करून पालाच आवडतो, आणि पाल्यावर अळी नसते. गवताची जागा खुरडून खायची वेळ तिच्यावर बांध उजाड झाल्यावर येते.

नुकत्याच व्यालेल्या शेळ्यांची अंडी बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त निघाली. विण्याच्या सुमारास शेळीची ताकद जंताला रोखण्यात कमी पडते. आणि नेमकी तीच शेळी करडांबरोबर एका जागी बसते. व्यालेल्या शेळीची जागा रोज झाडून लेंड्या उकिरड्यावर टाकायच्या, आणि चारा जमिनीवर न टाकता टांगून द्यायचा, एवढं सुरू केलं.

२ नोव्हेंबर

धरणाचं पाणी उतरायला लागलं, काठावर हिरवळ फुटली आणि नवं संकट आलं. पलीकडच्या वस्तीवरच्या पाच शेळ्यांना पाण्यासारखी, घाण वासाची हगवण आणि जबड्याखाली सूज. लोक घटसर्प म्हणाले. घटसर्पात सडकून ताप असतो, सूज गरम आणि दुखरी असते. ही सूज गार, मऊ, बोटाने दाबली की खड्डा पडणारी. सकाळी कमी, दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी जास्त.

माझ्या मोजणीत अंडी जवळपास शून्य. मोजणी इथे उपयोगाची नव्हती, दोन कारणांनी. हा त्रास चपट्या जंतांचा होता आणि त्यांची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत. त्यासाठी लेंड्या साध्या पाण्यात कालवून तळाचा गाळ बघावा लागतो. आणि तो गाळही फसवतो, कारण एवढा त्रास देतात ते चपट्या जंतांचे कोवळे पोर, जे आतड्याच्या सुरुवातीला अस्तरात रुतून बसतात. ते मोठे होऊन पहिल्या कप्प्यात जातात तेव्हाच अंडी घालतात. डॉक्टरांनी हगवणच गाळून बघितली, त्यात तांबूस, मोहरीहून लहान असे कोवळे जंत दिसले. ऑक्सिक्लोझॅनाइड दिलं. तीन शेळ्या उठल्या, दोन गेल्या.

हे जंत पाण्यातल्या गोगलगायींतून येतात आणि काठच्या ओल्या गवतावर चिकटून राहतात. तो काठ आता दिवाळीनंतर बंद. पाणी बादलीने काढून वर कुंडीत पाजायचं. काठाचं गवत हवंच असेल तर कापून, नीट वाळवून.

१६ नोव्हेंबर

दोन घरांतून निरोप आला की करडांच्या लेंड्यांत पांढरे तुकडे दिसतात, जोरदार औषध द्या. ते पट्टकृमीचे तुकडे. डोळ्याला दिसतात म्हणून त्यांची भीती जास्त, पण आपल्या करडांना खरा धोका न दिसणाऱ्यांचा आहे. पापण्या लाल, वजन वाढतंय. औषध दिलं नाही, पुढच्या फेरीत पुन्हा बघायचं असं लिहून ठेवलं.

५ डिसेंबर

हिशेब. सामानाला दहा हजारांच्या वर गेले, ते गटाच्या बचतीतून. प्रयोगशाळा आणि येण्या-जाण्याचे वेगळे. औषधावरचा खर्च मागच्या वर्षीच्या निम्म्याहून कमी, पण सामानाचा खर्च एका हंगामात निघाला असं म्हणता येणार नाही. सगळ्यात जास्त गेला तो वेळ: एक नमुना कुटण्यापासून स्लाइड धुण्यापर्यंत वीस मिनिटं धरा. स्लाइड लगेच साध्या पाण्याने धुवा. मीठ वाळलं की स्फटिक बसतात आणि खणाच्या रेघा दिसेनाशा होतात. मायक्रोस्कोपवर सांडलेलं मिठाचं पाणी पुसलं नाही, तर लोखंडी भाग आठवड्यात गंजतो.

हंगामभराच्या वहीतून एक गोष्ट ठरवता आली. टॅग ४१ च्या शेळीला संपूर्ण पावसाळ्यात एकदाही औषध लागलं नाही, पापणी कधी दुसऱ्या रंगाच्या खाली गेली नाही, आणि तिने जुळी वाढवली. तिचा पाठा (तरुण बोकड) पैदाशीला ठेवला. दिसायला जास्त देखणा, लांब कानांचा दुसरा पाठा सगळ्यांना हवा होता. त्याच्या आईला तीनदा पाजावं लागलं होतं. तो विकला. कपिली विकायची की नाही हे काकूंनी ठरवायचं आहे, त्यांनी अजून होकार दिलेला नाही.

पुढचे नमुने मृगाच्या आधी, पहिल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी आणि मग पावसाळाभर महिन्याला. अल्बेंडाझोल पुन्हा पाजायचं नाही. क्लोसँटेलची घट दरवर्षी मोजायची. मायक्रोस्कोप सोमवारी शेजारच्या गावच्या पशुसखीकडे जातोय.